वीज खासगी झाली, मग परत सरकारी झाली. नागपूरकरांनो, फरक काय पडला?

महालकर

परवा आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या पंपावरून वाजलं. पंप, टाकी, व्हॉल्व्ह हे सगळं एका ठेकेदाराला द्यायचं की सध्याचा चौकीदारच ठेवायचा, एवढाच विषय. पण पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "खासगी दिलं की लुटतात, लाइटीचं आठवत नाही का?" तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "लाइट खासगी होती तेव्हाच डीपी वेळेवर दुरुस्त व्हायची." तिथून गाडी जी घसरली ती रशियापर्यंत गेली. पंप राहिला बाजूला.

घरी आल्यावर मी विचार करत बसलो. महाल, गांधीबाग आणि सिव्हिल लाइन्स हे तीन विभाग १ मे २०११ ला फ्रँचायझीकडे (वीज वाटून बिल वसूल करणाऱ्या खासगी कंपनीकडे) गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये महावितरणकडे परत आले. आठ वर्षं! तेव्हा मी कॉलेजात होतो, बिल बाबा भरायचे. मला आठवतं ते इतकंच: आधी लाइनमन नावानं ओळखीचा होता, नंतर युनिफॉर्मवाली पोरं आली, सगळ्या गल्लीचे मीटर बदलले आणि "मीटर फास्ट आहे" हे वाक्य सकाळ-संध्याकाळ ऐकू यायला लागलं. २०१९ नंतर काय बदललं ते खरंच सांगता येत नाही.

तर ज्यांनी बिलं भरली त्यांनी सांगा. बाहेरगावचे, बाहेरदेशीचे अनुभवही चालतील. फक्त राजकीय पक्षांची धुणी इथे नको.

तर्रीपोहे

राजेहो, मीटर फास्टच होतं. माह्या घरी दोन पंखे, एक कूलर अन् एक टीव्ही. बिल पाहून वाटे घरात पिठाची गिरणी चालून राहिली.

कूलरची_टाकी

@तर्रीपोहे, मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलर चोवीस तास चालवता आणि वर मीटरला नावं ठेवता. आधीचं मीटर स्लो होतं म्हणा की.

तर्रीपोहे

स्लो होतं तं होतं! चाळीस वर्षं कोनाचं काय बिघडलं?

बोर्डवाले_काका

बिघडलं ना बेटा. चाळीस वर्षांत जे बिघडलं तेच पुढे भरावं लागलं. मी वीज बोर्डात ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही महावितरण नावाखाली (६ जून २००५ ला बोर्डाच्या कंपन्या झाल्या, आमच्या ओळखपत्रावरचं नाव बदललं, खुर्ची तीच). म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नागपुरात वीज "विकली" नव्हती, हे आधी लक्षात घ्या. खांब, तारा, रोहित्रं, सबस्टेशनं सगळी महावितरणचीच राहिली. ग्राहकाचा दर वीज नियामक आयोग ठरवतो. फ्रँचायझीच्या गल्लीत एक दर आणि काँग्रेसनगर विभागात (तो महावितरणकडेच राहिला होता) दुसरा, असं कधीच नव्हतं. एकाच शहरात एका भावाचं घर फ्रँचायझीत आणि दुसऱ्याचं सरकारी विभागात, आणि दोघांचं दरपत्रक एकच. "खासगी आले म्हणून दर वाढला" हे म्हणूनच चूक. बिल वाढलं असेल, दर नाही.

कंपनी कमावणार कशात? समजा १०० युनिट तिने महावितरणकडून घेतले आणि बिल फक्त ७० चं झालं. मधले ३० कुठे गेले? काही तारांत तापून गेले, बाकीचे आकड्यावर (चोरून टाकलेल्या तारेवर), जळालेल्या मीटरवर आणि "सरासरी बिला"वर. या ३० चे १५ केले की वाचलेल्या १५ चे पैसे तिचे. त्यामुळे ती मीटर बदलणार, आकडे काढणार, थकबाकीवाल्याची लाइन कापणार. आम्हीही हे करू शकत होतो. पण आकडा काढून खाली उतरायच्या आत साहेबांना फोन आलेला असायचा, आणि साहेब तोच आकडा परत टाकायला सांगायचे. तोंडाने नाही, नजरेने.

दुसरी बाजूही सांगतो. महावितरणला द्यायचा दर करारात दरवर्षी ठरलेला असतो आणि तो चढत जातो. गळती त्या वेगाने कमी झाली नाही की कंपनीचं गणित बसत नाही. मग आधी दुरुस्तीवरचा खर्च आखडतो, मग महावितरणचे पैसे थकतात. २०१९ मध्ये आर्थिक अडचण सांगून कंपनीनेच हात वर केले. लोकांनी मोर्चा काढला म्हणून ती गेली असं काही जण अजून सांगतात. मोर्चे निघाले हे खरं, पण गेली ती हिशेबामुळे.

संत्रानगरी

काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. ते "नजरेने" जबरदस्त.

गोदाकाठ

नागपूर एकटं नाही. त्याच वर्षी, २०११ मध्ये, आमचं औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि जळगावही फ्रँचायझीकडे गेलं होतं. आमचं २०१४ मध्ये संपलं, जळगावचं त्यानंतर वर्षभरात. तिन्ही गावांत एकच प्रयोग आणि तिन्ही ठिकाणी गुंडाळला, म्हणजे गाव वाईट की कंपनी वाईट की कराराचा साचाच वाईट?

आणि पाण्याची तर आमची कथाच आहे. जायकवाडीहून समांतर जलवाहिनी टाकायची म्हणून सगळ्या शहराचं पाणी २०१४ मध्ये खासगी कंपनीकडे दिलं, २०१६ मध्ये करार रद्द. जलवाहिनी काही आली नाही. माझ्या सासूबाई अजून ड्रम भरून ठेवतात, आणि घरात पाहुणा आला की आधी विचारतात, "आंघोळ करून आलात ना?"

भिवंडीचा_माग

तिन्ही गुंडाळले, पण भिवंडी टिकली आहे हे विसरू नका. आमच्याकडे २००७ पासून गुजरातची कंपनी आहे. त्याआधी निम्म्याहून जास्त वीज गळत होती. मागवाल्याला दिवसातून किती तास वीज मिळेल याचा भरवसा नसायचा. माग बंद म्हणजे कारागीर चहाच्या टपरीवर, आणि आठवड्याच्या शेवटी त्याची मजुरी निम्मी. गळती वीस टक्क्यांच्या खाली आली आणि माग चालायला लागले. बिलावरून बोंबाबोंब आमच्याकडेही झाली, मोर्चेही झाले. माझ्या वडिलांनी स्वतः घोषणा दिल्यात. पण रात्रपाळी सुरू झाल्यावर तेच वडील म्हणाले, "शिव्या देईन, पण अंधारात नाही देणार."

अ_संतुष्ट

हेच तर! खाजगीकरणाचे समर्थक नेहमी यशस्वी उदाहरणच देतात. एन्रॉनचा दाभोळचा वीज प्रकल्प विसरले वाटतं? १९९३ चा वीजखरेदी करार, १९९५ मध्ये रद्द, मग पुन्हा वाटाघाटी, १९९९ मध्ये वीज सुरू आणि २००१ मध्ये बोर्डाला परवडेना म्हणून बंद. इतकी महाग वीज की न घेता नुसते ठरलेले पैसे द्यायची पाळी. वर्षाअखेर तिकडे अमेरिकेत कंपनीच दिवाळखोर. विकसनशील देशाला हे शौक परवडत नाहीत.

बोर्डवाले_काका

@अ_संतुष्ट, एन्रॉन वीज *तयार* करणारी, नागपूरची फ्रँचायझी वीज *वाटणारी*. एक गिरणी, एक किराणा दुकान. दोन्ही तोट्यात जाऊ शकतात, पण कारणं वेगळी. एन्रॉनमध्ये इंधनाची आणि डॉलरची जोखीम बोर्डाच्या म्हणजे तुमच्या-माझ्या अंगावर होती. गिरणी बंद पडली तरी भाडं आपण द्यायचं.

शुद्धलेखन_पोलीस

अवांतर: खाजगी की खासगी? धाग्यात दोन्ही दिसतंय. मूळ शब्द "खास", म्हणून खासगी.

पाटणकर_आजी

बोलण्यात खाजगीच येतं हो, काय करता. आणि होळकरांची "खासगी" वेगळी होती बरं. ती दौलतीपासून निराळी, घराण्याची स्वतःची मिळकत. अहिल्याबाईंनी त्यातूनच देशभर घाट आणि मंदिरं बांधली. म्हणजे खासगी पैशातून सार्वजनिक सोय. आताचं उलट चाललंय असं माझे हे म्हणतात.

कूलरची_टाकी

आजी, तुमच्या "ह्यां"ना इथे सभासद करा.

मनीलावासी

मी नोकरीमुळे नऊ वर्षं मनीलात आहे. मूळचा सक्करदऱ्याचा. बाहेरदेशीचे अनुभव मागितलेत म्हणून लिहितो, जरा लांबेल.

१९९७ मध्ये मनीलाचं पाणी दोन तुकडे करून दोन खासगी कंपन्यांना दिलं, शहराचा पूर्व भाग एकीला, पश्चिम दुसरीला. लिलाव सर्वात *कमी* दर लावणाऱ्याला. पूर्वेकडे तर तेव्हाच्या सरकारी दराच्या जवळपास पाव दराने बोली लागली. लोक खूश. पण त्याच वर्षी आशियात आर्थिक संकट आलं आणि पेसो कोसळला. जुन्या सरकारी पाणीखात्याचं डॉलरमधलं कर्ज होतं, त्यातलं ९० टक्के पश्चिमेच्या कंपनीच्या माथी मारलेलं आणि १० टक्के पूर्वेच्या. पश्चिमवाली बुडाली, काही वर्षांनी हात वर केले, २००७ मध्ये नव्या मालकाकडे गेली. पूर्वेकडे गळती ६३ टक्क्यांवरून ११-१२ टक्क्यांपर्यंत आली. एक शहर, एक दिवस, एकसारखा करार. फरक कर्जाच्या वाटणीचा आणि व्यवस्थापनाचा.

आता गंमत. मार्च २०१९ मध्ये धरण आटलं आणि नळ कोरडे पडले ते पूर्वेकडचे, म्हणजे त्या आदर्श कंपनीच्या भागातले. मी पूर्वेतच राहतो. बावीस मजले बादली घेऊन चढताना मला नागपूरची आठवण आली. लहानपणी सक्करदऱ्यात टिल्लू पंप लावून शेजाऱ्याचं पाणी ओढायचो, ते पाप फेडतोय असं वाटलं. दर मात्र १९९७ च्या त्या पाव दरावरून कितीतरी पट चढले आहेत. स्वस्त बोली लावायची आणि मग दरवाढ मागत राहायची, ही युक्ती तिथे सगळ्यांना कळली, पण तोवर करार हातात होता.

तर्रीपोहे

बावा, बावीस मजले! अन् आमी इथं दुसऱ्या माळ्यावर लिफ्ट बंद म्हून रडून राहिलो.

प्रा_अर्थहीन

मनीलावासींचा प्रतिसाद उत्तम. दोन भर घालतो, दोन्ही दिशांना टोचणाऱ्या.

एक, ब्वेनोस आयरेस. अर्जेंटिनाने १९९३ मध्ये तिथलं पाणी खासगी कंपनीला दिलं. नव्वदच्या दशकात तिथे काही नगरपालिकांनी पाणी खासगी केलं, काहींनी नाही. २००५ मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी या दोन गटांची तुलना केली. खासगी झालेल्या भागांत बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी कमी झाले, आणि सर्वात गरीब भागांत २६ टक्क्यांनी. का? कारण श्रीमंतांकडे नळ आधीच होता. जाळं वाढलं ते गरिबांच्या वस्तीत. आपल्या डाव्या मित्रांना हे पचत नाही. पण त्याच अर्जेंटिनाचा पेसो २००२ मध्ये कोसळला, सरकारने दर गोठवले, कंपनी आणि सरकार कोर्टात गेले आणि २००६ मध्ये करार संपला. आपल्या उजव्या मित्रांना हे आठवत नाही.

दोन, बोलिव्हियातलं कोचाबांबा. १९९९ मध्ये पाणी परदेशी कंपनीच्या गटाकडे, लगेच दरवाढ, काही घरांचं बिल दुप्पट. शिवाय नव्या कायद्याने लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरी आणि स्वतः चालवलेल्या पाणी समित्याही त्या कराराच्या कक्षेत येतात अशी भीती पसरली. एप्रिल २००० मध्ये आणीबाणी, एक कोवळा पोरगा गोळीने गेला, करार रद्द. हा लढा जगभर गाजला. गाजलं नाही ते हे की पाणीखातं परत सार्वजनिक झाल्यावरही शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्त्या टँकरवरच राहिल्या.

अ_संतुष्ट

म्हणजे निष्कर्ष काय सर? "परिस्थितीवर अवलंबून"? त्यासाठी पीएचडी लागते?

प्रा_अर्थहीन

पीएचडी नाही म्हणूनच हे नाव घेतलंय. पण निष्कर्ष हवाच असेल तर नॉमपेन्ह बघा. कंबोडिया, युद्धातून उठलेला देश. १९९३ मध्ये दिवसातून दहाएक तास पाणी आणि ७२ टक्के पाणी हिशेबाबाहेर. पाणीखातं सरकारीच राहिलं. एक सान चान नावाचा इंजिनिअर प्रमुख झाला. त्याने मीटर लावले, लाच खाणारे कर्मचारी काढले, बिल न भरणाऱ्या बड्यांच्या जोडण्या तोडल्या. एका जनरलच्या घरी तोडायला गेला तर डोक्याला बंदूक लावली म्हणे. तो परत गेला, या वेळी बंदुकवाल्यांना बरोबर घेऊन. पाणी चोवीस तास झालं, हिशेबाबाहेरचं पाणी ६ टक्क्यांच्या आसपास आलं. २००६ मध्ये त्याला मॅगसेसे मिळाला.

बोर्डवाले_काका

आमच्या साहेबांना बंदूक कोणी लावली नव्हती. फोनच पुरत असे.

धरमपेठी

नागपूरच्या पाण्याबद्दल कोणीच बोलत नाही? आपण तर देशात पहिले. २०१२ पासून सगळ्या शहराचं पाणीवाटप २५ वर्षांसाठी खासगी कंपनीकडे आहे. धरण, जलशुद्धीकरण केंद्रं, पाइप सगळं सार्वजनिक, चालवतात ते. आधी धरमपेठ झोनमध्ये चोवीस तासांचा प्रयोग झाला होता, आम्ही त्याचेच उंदीर. खोटं बोलणार नाही, आमच्या गल्लीत पाणी चांगलं येतं. टाकीवर मोटर लावायची गरज पडत नाही, प्रेशर आहे. चावीवाल्याची वाट बघत पहाटे चारला उठायचे दिवस गेले.

हुडकेश्वर_रोड

धरमपेठवाल्यांनो, तुमचं अभिनंदन. आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यापर्यंत टँकर होता. करार सगळ्या शहराचा असतो, चोवीस तास मात्र काहींचे. आमचा ले-आउट शहरात उशिरा आला, पाइप त्याहून उशिरा, बिल मात्र वेळेच्या आधी. मी तक्रारीला गेले तर कंपनीवाला म्हणे पाइप टाकणं महापालिकेचं काम. महापालिकेत गेले तर म्हणे चालवणं कंपनीचं काम. दोघंही बरोबर बोलत होते हो, हेच तर! सरकारी असताना निदान शिव्या एकाच दारात देता यायच्या.

मनीलावासी

@हुडकेश्वर_रोड, "दोघंही बरोबर" यावर एक धागा निघेल. इथेही तेच.

संत्रानगरी

ताईंशी सहमत. आणि पेंचचं धरण आटलं की कोणतीच कंपनी पाणी तयार करू शकत नाही. शेतीला किती, शहराला किती, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना किती, हे सरकारच ठरवतं. खासगीकरण शेवटच्या नळाचं होतं. धूर आमचा, राख आमची, वीज मुंबईला.

कूलरची_टाकी

आली मुंबई! विदर्भाच्या कोणत्याही धाग्यावर पन्नासाव्या प्रतिसादाच्या आत मुंबई येते, हा नियम आजही पाळला गेला.

दादरकर

बोलावलंत म्हणून आलो. आमच्याकडे बेस्टची वीज आहे, म्हणजे महापालिकेची. उपनगरात दोन खासगी कंपन्या, आणि ग्राहक एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतो. गळती कमी आहे, पण मुंबईत फ्लॅटवाला ग्राहक दाटीवाटीने बसलेला आहे. गडचिरोलीच्या एका वाडीला एक खांब आणि चार घरं असतात, तिथे दोन कंपन्या स्पर्धा करायला येतील का?

बोर्डवाले_काका

दादरकर, मुद्द्याचं बोललात. म्हणूनच ४ जानेवारी २०२३ ला वीज कर्मचारी संपावर गेले होते. भांडुप, ठाणे, नवी मुंबईकडे एका खासगी कंपनीला समांतर परवाना (महावितरणच्याच भागात वीज वाटायचा) हवा होता. चांगलं गिऱ्हाईक तिने नेलं तर शेतकरी आणि वाड्या-पाड्यांचा भार महावितरणवर, म्हणजे उरलेल्या गिऱ्हाइकांवर. संप त्याच दिवशी मिटला, खासगीकरण करणार नाही असं उपमुख्यमंत्र्यांनी सांगितल्यावर. मी तेव्हा निवृत्त, पण सकाळी डबा घेऊन गेटवर जाऊन बसलो होतो. घरचे म्हणाले, तुम्हाला कोणी बोलावलं? मी म्हटलं, सवय.

तर्रीपोहे

काका, अन् ते स्मार्ट मीटर? २०२४ मंधी म्हणे सामान्य मानसाले प्रीपेड लावनार नाही. आता नवीन मीटर लावूनच राहिले ना.

बोर्डवाले_काका

प्रीपेड नाही, पण वेळेनुसार मोजणारं लावतात. आधी पैसे भरावे लागत नाहीत, बिल महिन्यालाच येतं. घाबरू नकोस, फक्त लावताना जुन्या मीटरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढ. मीटर बदलताना सगळ्यात जास्त भांडणं त्या शेवटच्या रीडिंगवर होतात. २०११ मध्येही तेच झालं होतं. कंपनीला जुन्या आकड्यात चूक सापडायची, ग्राहकाकडे पुरावा नसायचा. तेव्हा फोटोचा मोबाइल होता कुणाकडे?

तर्रीपोहे

हे कामाचं सांगितलं. उद्याच काढतो.

महालकर

धागा एवढा लांबेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण काल बाबांची बिलांची फाइल काढली. बाबा सगळं टाचून ठेवतात, १९९८ पासूनची बिलं आहेत.

काकांचं बरोबर निघालं. २०११ च्या हिवाळ्यात मीटर बदललं, त्यानंतरच्या उन्हाळ्यात युनिट जवळजवळ दीडपट दिसतात. मी म्हटलं, सापडलं! बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, "त्या वर्षी तुझ्या आईने दुसरा कूलर घेतला, तुझ्याच अभ्यासासाठी." मग आणखी मागे गेलो. जुन्या मीटरच्या काळात लागोपाठ सात महिने एकच आकडा आहे, सरासरी बिल. रीडिंगवाला यायचाच नाही आणि आम्हीही त्याला बोलावलं नाही, कारण सरासरी कमी होती. म्हणजे त्या गळालेल्या ३० युनिटांत आमचेही होते. हे बाबांना बोललो नाही.

२०१९ नंतरच्या बिलांत युनिटमध्ये काही फरक नाही. बिलाचा रंग बदलला, मागचा तक्रारीचा नंबर बदलला. घरी येणारा लाइनमन मात्र तोच आहे, जो कंपनीच्या शर्टात यायचा. त्याला विचारलं, आता बरं की तेव्हा? म्हणाला, "तेव्हा पगार लेट व्हायचा, आता ठेकेदार लेट करतो."

हुडकेश्वर_रोड

आणि पंपाचं काय ठरलं?

महालकर

पुढच्या रविवारी परत मीटिंग. मी हा धागा दोन्ही काकांना वाचायला दिला. पहिल्या मजल्याने कोचाबांबा लक्षात ठेवलं, तिसऱ्या मजल्याने ब्वेनोस आयरेस. चौकीदार म्हणतो, मला ते काही माहीत नाही, पण टाकीचा व्हॉल्व्ह मार्चपासून गळतोय, तो कोण बदलणार?

बोर्डवाले_काका

व्हॉल्व्ह किती इंची आहे?

महालकर

दीड.

बोर्डवाले_काका

रविवारी पाना घेऊन येतो. पोहे सांगून ठेव.